दिवसाढवळ्या चार्जिंग

जागांची दलाली करणाऱ्या त्या माणसाला गल्लीने चकाचक म्हणायला सुरुवात केली होती. बूट चकाचक, मिशी चकाचक, आत सगळा आनंदीआनंद. घर चालायचं ते बायकोच्या इस्त्रीवर. चौकातल्या लॉजच्या चादरी आणि अभ्रे तिच्याकडे यायचे.

चकाचकने गाडी घेतली तीही दोन्हीकडून जेवणारी. वीजही खाणार, पेट्रोलही पिणार. अशी गाडी शहाणा माणूस रात्री चार्जिंगला लावतो आणि झोपतो. हा लावायचा भरदुपारी, फाटक सताड उघडं टाकून. का, तर रात्री वायर कोणाला दिसणार!

गाडी आणि इस्त्री एकदम लावली की अख्ख्या घराची वीज जायची. मग हा खेकसायचा, "बंद कर तुझी ती इस्त्री! चार्जिंग नसेल तर गाडी जागची हलणार नाही. गिऱ्हाइकांना काय पाठुंगळी घेऊन जागा दाखवू?"

बायको ऐकायची. चादरी उशिरा पोचायच्या. शेवटी लॉजच्या मॅनेजरने बजावलं, "वहिनी, आज संध्याकाळपर्यंत माल आला नाही तर काम दुसरीकडे गेलं समजा."

त्याच दुपारी इस्त्री थंड, चादरींचा ढीग तसाच, आणि चकाचक फाटकात समोरच्या मास्तरांना ज्ञान पाजत उभा.

"वाटेत चार्जिंग संपलं तर हो?" मास्तरांनी विचारलं.

"संपू दे की! इंजिन आपोआप सुरू होतं. ब्रेक दाबला, उतार लागला की चाकंच मोटर फिरवतात, थोडी वीज बॅटरीत परत जाते. महिनाभर वायर लावली नाही तरी पळेल, मास्तर!"

बायको खिडकीत होती. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं तोंड पहिल्यांदाच तिच्या कामी आलं. तिने भिंतीतला गाडीचा प्लग उपसला आणि तिथे इस्त्री लावली.

"अगं, हे काय? मला संध्याकाळी जायचंय!"

"जा की. आपोआप सुरू होते ना?"

"पेट्रोलवर? लोक काय म्हणतील?"

"रात्री लावा वायर. शेजारी खुर्ची टाकून बसा हवं तर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला."

मास्तरांना एकाएकी खोकला आला, ते घरी पळाले.

संध्याकाळी चकाचक अत्तर मारून बाहेर आला, तर मागच्या सीटवर कडक घडीचे गठ्ठे आणि पुढे बायको.

"लॉजवरून घ्या," ती म्हणाली. "आणि ब्रेक जरा हळू दाबा, चादरी चुरगळतील."