जनावरांच्या डॉक्टरणीचा नवरा

बायको जाऊन चौदा महिने झाले. घरात कोणाचा तरी आवाज पाहिजे म्हणून मी टीव्ही लावून ठेवतो. सिरियलमधल्या बाया जरीची साडी नेसून पोळ्या लाटतात, कानातले झुमके घालून झोपतात, अन् कितीही रडल्या तरी त्यांचं काजळ हलत नाही. त्यांचं मला काही पडलेलं नाही. मी त्यांचे नवरे पाहतो. भांडण करून नवरा बाहेर गेला तर तो कुठं गेला, कुठं जेवला, मनात काय धरून बसला, हे मला पाहिजे असतं. ते कोणी दाखवत नाही. ही खोड मला एका सिरियलनं लागली. ती सिरियल मी जन्मात एकदाच पाहिली, तीही खिडकीबाहेर उभं राहून.

माझं शिक्षण चौथी. जसं येते तसं लिहितो.

तेव्हा मी नागपुरात कापडाच्या मिलमध्ये साच्यावर होतो. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. दुपारपाळी, तीन ते अकरा. आमच्या गल्लीत टीव्ही नुकताच आला होता, अन् तोही एका मास्तरीणबाईंच्या घरी. दर मंगळवारी संध्याकाळी गल्लीतल्या बाया तिथं जमायच्या. हिंदी सिरियल होती. एक बाई जनावरांची डॉक्टर होऊन खेड्यात जाते, अशी गोष्ट. माझी बायको एकही मंगळवार चुकवायची नाही. मी त्या वेळी मिलमध्ये. म्हणून बुधवारी सकाळी भाकरी करता करता ती मला सगळं सांगायची. कोणती म्हैस अडली, कोणत्या बैलाच्या खुरात किडे पडले, गावचा सरपंच कसा आडवा आला. मी चहा पीत अर्ध्या कानानं ऐकायचो.

त्याच दिवसांत मास्तरीणबाईंनी तिला एक फॉर्म आणून दिला. सावनेरला दाईचं शिक्षण होतं. तीन महिने तिथंच राहायचं. फॉर्मवर नवऱ्याची सही लागत होती, अन् पुढच्या महिन्याच्या पाच तारखेआधी तो द्यायचा होता.

लग्नाला बारा वर्षं झाली होती अन् आम्हाला लेकरू नव्हतं. आमच्याकडं अशा बाईला बारशाला बोलावत नाहीत. बोलावलं तरी पाळण्याला हात लावू देत नाहीत. ती आपणहूनच मागं भिंतीपाशी बसायची. मी जेवता जेवता फॉर्म पाहिला अन् बोलून गेलो, "तुह्या पोटी लेकरू नाही. बाळंतिणीच्या खोलीत तुले कोण येऊ देईन?"

तिनं फॉर्मची घडी घातली अन् तांदळाच्या डब्याखाली ठेवली. मी वाढलेला भात संपवला, मिलमध्ये गेलो, अन् खरं सांगतो, विसरून गेलो.

पुढच्या बुधवारी ती म्हणाली, "काल तिचा नवरा आला."

"कोणाचा?"

"डॉक्टरणीचा. शहरात राहते तो. छापखान्यात कामाले आहे."

"अन् इतके दिवस कुठी होता?"

"दाखवला नव्हता. रुसून होता."

मी कप खाली ठेवला. एवढ्या म्हशी-बैलांत हा माणूस मला एकदम कामाचा वाटला. "काय म्हणे मंग?"

"म्हणे, तुह्या बापाच्या घरी कधी गाय नव्हती. तुले गाईचं काय समजते."

"येडा आहे का तो? घरी गाय असली म्हणून कोणी डॉक्टर होते काय? मंग सगळ्या गवळ्यायले दवाखाने काढून द्या म्हणा!"

"दुनिया तसंच म्हणते जी," ती म्हणाली अन् भाकर उलटवली.

त्या दिवसापासून मला बुधवारची घाई व्हायला लागली. हा नवरा एकटाच राहत होता. भाकरी जाळायचा. मग खानावळीत जायचा, अन् तिथं कोणी विचारलं का, बायको माहेरी गेली म्हणून सांगायचा. एकदा तर त्यानं छापखान्यातल्या मालकालाही तेच सांगितलं, अन् मालक म्हणाला, तुझ्या बायकोला माहेरच राहिलं नाही, तिचं कन्यादान मीच केलं. ते ऐकून मला चहाचा ठसका लागला. ती पाठ थोपटत म्हणाली, "हळू जी. तो मेला तिकडं खोटं बोलते अन् ठसका तुमाले."

मी हे सगळं माझ्या जोडीदाराला सांगायचो. तो माझ्या शेजारच्या साच्यांवर होता. साच्यांच्या धडधडीत कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही मिलवाले ओठ पाहून बोलतो. दहा हातांवरून तो ओठांनी विचारायचा, "आज काय केलं त्यानं?" मी ओठांनीच सांगायचो.

"तो जाईन अन् बायकोले घेऊन येईन," जोडीदार म्हणायचा.

"नाही गा. तो तिथंच राहून जाईन."

"अन् खाईन काय? शेण?"

यावरून आमचं दोन पाळ्या भांडण चाललं.

चौथ्या बुधवारी तिनं सांगितलं, "तो गाडीत बसला. तिच्या गावाले निघाला. तिथंच संपलं." मग डब्यातून तांदूळ काढता काढता म्हणाली, "फॉर्म द्यायले आता नऊ दिवस राहिले." मी म्हटलं, पाहू. माझं लक्ष त्या गाडीत बसलेल्या माणसावर होतं.

आठवडाभर मला चैन पडलं नाही. मंगळवारी मी जोडीदाराला म्हटलं, दोन घंटे माझे साचे सांभाळ. तो म्हणाला, "जाय गा. पण आल्याबरोबर मले सांगायचं. उद्यावर टाकशीन तर याद राख."

मास्तरीणबाईंच्या घरी बाया खाली सतरंजीवर बसल्या होत्या. पुरुष माणसं तिथं बसत नसत. मी अंगणाच्या बाजूनं खिडकीशी उभा राहिलो. आतला पंखा अन् लेकरांचा गोंधळ, त्यामुळं एक शब्द ऐकू येत नव्हता. पण मला कानाची गरज नव्हती. डॉक्टरणीचा दंडापर्यंतचा हात म्हशीच्या पोटात होता अन् तोंडावर घाम. एक मिशीवाला आला. मी म्हटलं, हा असेल. तो सरपंच निघाला. एक जण पिशवी घेऊन आला. मी खिडकीचा गज धरला. तो औषधं देऊन निघून गेला. वासरू बाहेर आलं, लोक नाचले, नावं वर सरकायला लागली. नवरा कुठं नाही.

माझी बायको भिंतीपाशी सगळ्यात मागं बसली होती. म्हैस वीत होती तेव्हा ती बसल्या जागी पुढं सरकली होती.

मास्तरीणबाई दाराशी आल्या तसं मी विचारलं, "बाई, आज तिचा नवरा येणार होता ना?"

"कोणाचा?"

"डॉक्टरणीचा. छापखान्यातला."

"काय भाऊ, कोणाचं काय कोणात घालून राहिले!" बाई हसल्या. "तिचं तं लग्नच नाही झालं. पहिल्याच दिवशी बापाले सांगते ती, मले नाही करायचं म्हणून."

आत बायको सतरंजीची घडी घालत होती. तिनं ऐकलं का नाही, देव जाणे. मी तसाच मिलमध्ये परत गेलो.

जोडीदारानं लांबूनच ओठांनी विचारलं, "आला?"

"नाही दाखवला."

त्यानं टीव्हीवाल्यांच्या आईबापांचा उद्धार केला. मी साच्यासमोर उभा राहिलो. धागा तुटला तरी माझं ध्यान नव्हतं. छापखाना, जळलेली भाकर, खानावळ, मालक, हे सगळं तिनं कुठून आणलं? आमच्या सात पिढ्यांत कोणी छापखाना पाहिला नाही. मग मला ती गाय आठवली. बापाच्या घरी गाय नव्हती. अन् त्याच्या पाठोपाठ माझं ते बोलणं आठवलं, जेवता जेवता बोललेलं. त्या माणसाला मी माझ्याच तोंडानं येडा म्हटलं होतं.

राग आला. चार बुधवार हिनं मला उल्लू बनवलं. पण रागाच्या वर एक गोष्ट बसली होती. तो माणूस अजून गाडीतच होता. त्याचं पुढं काय करायचं हे तिनं ठरवलं होतं, अन् मला ते माहीत नव्हतं.

सकाळी तिनं चहा दिला अन् भाकरी थापायला बसली. शेवटी मीच विचारलं, "आला का मंग तो?"

"आला."

"मंग?"

"दारापर्यंत आला. बायको आत काम करून राहिली होती. बाहेरूनच पाहिलं तिले, अन् वापस गेला."

मी तिच्याकडं पाहिलं. ती तव्याकडं पाहत होती.

"काही बोलला नाही?"

"काल तं नाही."

"अन् पुढं?"

"मले काय माहीत जी. मी काय सिरियल लिहितो?"

चहा गार झाला होता, तो मी पिऊन टाकला. मग म्हटलं, "फॉर्म आण वं."

कोणता फॉर्म, हे तिनं विचारलं नाही. तिला जेमतेम अक्षरं लागायची, पण नवऱ्याची सही जिथं करायची तिथं तिचं बोट बरोबर पडलं. मला सही करायला वेळ लागतो. तेवढा वेळ तिनं कागदाचं टोक धरून ठेवलं.

ती सावनेरला गेली, तीन महिन्यांनी शिकून आली, अन् घरी बसली. मी बोललो होतो ते अगदीच खोटं नव्हतं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, एका घरानं तिला बोलावलं नाही. तिथून मिळालेली दाईच्या सामानाची पेटी खिळ्याला टांगलेली. मी त्या पेटीकडं पाहायचो नाही.

बोलावणं आलं ते माझ्या जोडीदाराकडून. रविवारी सकाळी त्याच्या बायकोला कळा लागल्या तसा तो स्वतःच धावत आला. आम्ही दोघं तिच्यासोबत गेलो. दारातच त्याच्या आईनं हात आडवा धरला. "हिच्या पोटी लेकरू नाही रे बावा!"

"म्हशीच्या डॉक्टरले घरी म्हैस लागते काय? शिकलेली आहे ती," जोडीदार आईवर ओरडला. "सर बाजूले!"

म्हातारी सरकली नाही. माझी बायको तिच्या हाताखालून वाकून आत गेली.

आम्ही दोघं ओसरीवर बसून राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून जोडीदारानं विचारलं, "त्या छापखान्यावाल्याचं काय झालं गा मंग? गेला का तो तिच्या गावाले?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात दार किलकिलं झालं. बायकोच्या बाह्या वर सरकवलेल्या अन् कपाळावर घाम. "गप्पा काय मारून राहिले? गरम पाणी आणा. अन् दारातून दूर व्हा दोघंई."

म्हातारी आमच्याआधी चुलीकडं गेली.