नवसाचा नट

करमाडच्या बानाबाईला नाटकातलं काही कळत नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना आधी सांगून टाकायची. तिला शेळ्या कळायच्या. शेंद्र्याचा माळ कारखान्यांनी घेतला तेव्हा तिच्या नवऱ्याने, त्रिंबकने, मेंढरं विकली आणि तो दुसऱ्याच्या शेतावर राखणीला लागला. बानाबाईने मात्र बारा शेळ्या हट्टाने ठेवल्या. त्रिंबक त्या दिवसापासून हसायचाच थांबला होता. बानाबाई मात्र शेळ्यांशी दिवसभर गप्पा मारायची.

अशा बाईच्या दारात संक्रांतीच्या आदल्या दिवशी गारखेड्याचा सूर्यभान येऊन उभा राहिला. सूर्यभान दिवसा विमा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी दिग्दर्शक. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी वऱ्हाडाच्या गाद्या रचून ठेवत, तिथे त्याने सव्वाशे खुर्च्यांचं थिएटर थाटलं होतं. चैत्र संपेपर्यंत दर शनिवार-रविवारी नवी नाटकं आणि विनोदी कार्यक्रम, अशी त्याची जाहिरात झळकली होती. त्यातलं एक नाटक चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बोकड पाळणाऱ्या म्हाताऱ्याचं होतं. आधी सूर्यभानने दोन नटांना घोंगडीखाली वाकवून बोकड केला; पण मागचे पाय झालेला नट पुढचे पाय झालेल्याशी भांडून निघून गेला. म्हणून आता खरा बोकड हवा होता.

बानाबाईकडे देखणा असा एकच होता, काळाभोर, आणि तो मरीआईचा होता. सुनेला सहा वर्षं मूल नव्हतं. बानाबाई नवस बोलली, नात झाली, आणि हा बोकड देवीच्या नावाने सोडला. चैत्री पौर्णिमेच्या जत्रेत तो द्यायचा होता. देवीच्या जनावराचं भाडं कसं घ्यायचं, म्हणून तिने काही मागितलं नाही, आणि पौर्णिमेचा विषयही काढला नाही. तिला वाटलं, नाटक म्हणजे लग्नासारखं, एक दिवसाचं काम.

नाटकात सोसायटीचा सेक्रेटरी चिडून बोकडावर बादलीभर पाणी ओततो आणि मग नियमांवर लांबलचक भाषण देतो. सेक्रेटरी झाले होते तात्यासाहेब, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आपलं बोलणं कुणी मधेच तोडलेलं त्यांना चालत नसे. पहिल्याच तालमीत पाणी पडताक्षणी बोकडाने अंग झाडलं आणि तात्यासाहेब पहिल्याच वाक्यात चिंब झाले. ते म्हणाले, एक तर हा राहील नाहीतर मी. सूर्यभान दोघांकडे आळीपाळीने बघत जरा जास्तच वेळ विचार करत राहिला, तेव्हा बानाबाईलाच तात्यासाहेबांची दया आली. बोकडाला शिकवायचं काम तिने अंगावर घेतलं.

तीन आठवडे ती रोज त्याच्यावर तांब्याने पाणी ओतायची. हलला नाही की शेवग्याचा पाला. हलला की पाला शेजारच्या शेळीला, त्याच्या डोळ्यांदेखत. शेवटी असं जमलं, की कितीही पाणी घाला, गडी ढिम्म. विंगेतून बानाबाईने जीभ टाळूला लावून 'टॉक्' केलं, की मगच शिंगांपासून शेपटापर्यंत अंग झाडायचा. तात्यासाहेबांचं भाषण संपलं की टॉक्, सेक्रेटरीसाहेब ओलेचिंब, आणि प्रेक्षक हसून हसून बेजार.

दोनच प्रयोग ठरले होते, त्यांचे नऊ झाले. हाल झाले ते बाकीच्या नाटकांचे. दोन खुर्च्या आणि एक खिडकी एवढ्यावर सूर्यभानने एकटेपणाचं एक नाटक फार जीव लावून बसवलं होतं. लोक तिकिटाच्या खिडकीशी विचारायचे, ह्याच्यात बोकड हाय का? नाही म्हटलं की पुढच्या वेळी येतो म्हणायचे. त्या नाटकाला अकरा माणसं आली, त्यातली चार सूर्यभानच्या घरची. विनोदी कार्यक्रम करणारी शहरातली हुशार मंडळीसुद्धा बोकडाला पाच मिनिटं पाठवाल का म्हणून विचारून गेली.

पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा बानाबाईने सूर्यभानला सगळं सांगितलं. शेवटचा प्रयोग पौर्णिमेनंतरच्या रविवारी होता आणि तिकिटं संपली होती. त्याने बदल्यात दोन बोकड देऊ केले. बानाबाई म्हणाली, नवस ह्याचा बोललाय. आजवर तिने कितीतरी बोकड कापायला दिले होते, कधी डोळ्याला पदर लावला नव्हता. ह्या खेपेला मात्र तिला अन्न गोड लागेना.

"कापाया पाळलेलं येगळं आन् शिकिवलेलं येगळं," ती त्रिंबकला म्हणाली.

त्रिंबक म्हणाला, देवीचं देणं आहे, त्यात असलं वेगळं काही नसतं. त्याने नाटक पाहिलेलं नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं.

जत्रेत बोकडाला हार घातला, मळवट भरला. रीत अशी, की अंगावर पाणी घालायचं, बोकडाने अंग झाडलं की देवीने घेतलं. त्रिंबकने तांब्या ओतला. बोकड ढिम्म. दुसरा ओतला. बोकड गर्दीकडे शांतपणे बघत राहिला. म्हातारा भगत फकिरा म्हणाला, घरात कुणाच्या तरी मनात खोट आहे, त्याने ती बोलून टाकावी. मग काय विचारता. त्रिंबकच्या भावाने बांध दोन हात सरकवल्याचं कबूल केलं. भावजय कस्तुराबाईने सासूची बोरमाळ हरवली नव्हती, आपल्याच पेटीत आहे, असं हळूच सांगितलं. एका पाहुण्याने तर कुणी विचारलं नसताना लग्नाच्या वऱ्हाडातल्या एका बाईचं प्रकरण काढलं, आणि त्याच्या बायकोला आवरायला चार बायका लागल्या. दर कबुलीला नवा तांब्या. बोकडाच्या अंगावरून पाण्याचे ओघळ चाललेले, पण कान हलेल तर शपथ.

शेवटी सगळे बानाबाईकडे वळले. गप्प राहिली असती तर बोकड सुटलाच होता. पण समोर देवी होती.

"म्या शिकिवलंय त्याला," ती म्हणाली. "मी जीभ वाजवंपतुर तो हलनार नाय."

"मंग वाजव," त्रिंबक म्हणाला.

"माझ्यानं व्हत नाय."

तेव्हा त्रिंबकने स्वतः जीभ वाजवून पाहिली. भावाने वाजवली. बघता बघता सगळी जत्रा टॉक् टॉक् करू लागली, आणि बोकड होतकरू नटांकडे बघावं तसा एकेकाकडे बघत राहिला. फकिराने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. जिथं हे जनावर अंग झाडतं तिथं आईला न्या, तो म्हणाला, तिथं तिनं घेतलं तर घेतलं. त्रिंबकला ते पटलं. घेतलं, की सोमवारी सकाळी उरकून टाकू, असं त्याने बायकोला तिथेच सांगितलं.

रविवारी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर कलशावरच्या नारळाच्या रूपात मरीआई बसली. तिकिटं संपलेली, म्हणून सूर्यभानने आपल्या घरच्यांच्या दोन खुर्च्या सोडल्या होत्या; तरी देवीचं वेगळं तिकीट त्रिंबकने मागून घेतलं होतं. शेजारी तो स्वतः, पटका बांधून, हातात दोन तिकिटं.

पाणी ओतून झालं. तात्यासाहेबांचं भाषण संपलं. टॉक् आलं नाही. त्यांनी शेवटचा नियम पुन्हा सांगितला. मग सायकली कुठे लावाव्यात याचा एक नवीन नियम केला, गच्चीवर पापड वाळवण्याबद्दल दुसरा केला, आणि विंगेकडे केविलवाणं पाहिलं. बानाबाईची जीभ टाळूला चिकटली होती. वाजवली तर उद्या बोकड जाणार, न वाजवली तर देवीला घरी बोलावून उपाशी पाठवल्यासारखं. तिने फटीतून पाहिलं. त्रिंबक हसत होता. तोंड उघडं टाकून, मांडीवर थापा मारत हसत होता. मेंढरं विकल्यापासून तिने त्याला असं पाहिलं नव्हतं. पाहू दे सगळं, तिच्या मनात आलं, आणि तिने जीभ वाजवली.

बोकडाने असं अंग झाडलं, की तात्यासाहेब, त्रिंबक आणि नारळ तिघंही भिजले. थिएटर दणाणलं. त्रिंबक तोंड न पुसता उठला, हात वर करून त्याने तात्यासाहेबांना थांबवलं आणि नारळाला हात जोडले. तात्यासाहेबांनी हातातली बादली खाली ठेवली.

"बाने," तो विंगेकडे बघून म्हणाला, "पोचलं आईला. जितंच पोचलं. उद्या सकाळी त्याला पाला आनाया जाऊ."

लोकांना ते नाटकातलंच वाटलं. ते उभे राहून टाळ्या वाजवत होते, म्हणून विंगेत भुईवर बसलेल्या बानाबाईचं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही.