बिल्ल्यावरचं आडनाव

तिने माझ्या हातातलं वरणाचं भगोनं काढून घेतलं नाही. मला ते खाली ठेवायला लावलं. हातातून घेतलं असतं तर तिची बोटं माझ्या बोटांना लागली असती.

साक्री रस्त्यावरच्या एका लॉनवर साखरपुडा होता. वरण-बट्टीची पंगत बसली होती आणि आम्ही शिकाऊ मुलं-मुली वाढत होतो. अंगात पांढरा शर्ट, काळी पँट, छातीवर नावाचा बिल्ला. यजमानांची मोठी बहीण माझ्यासमोर आली. चष्मा सारखा करून तिने बिल्ला वाचला. आधी नाव. मग आडनाव. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ते भगोनं खाले ठी दे," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "ताटे उचला तुम्ही. वाढाले आम्हना पोरे शेतस."

मी ठेवलं. मग तिने आमच्यातल्या एकेकाचा बिल्ला वाचला. दुपारभर आम्ही उष्टी ताटं उचलली. ते भगोनं पंगतीत परत आलं नाही. तिथेच पडून राहिलं.

धुळ्यात परदेशातल्या लोकांची एक संस्था आहे. शिक्षण सुटलेल्या मुलांना तिथे हॉटेलचं काम शिकवतात आणि लग्नकार्यात वाढायच्या ऑर्डरीही घेतात. पिंपळनेरकडच्या पाड्यांवरची मुलं येतात, माझ्यासारखी गावाबाहेरच्या वस्तीतली येतात. मी शिकायला होते तेव्हा शिकवायला तिकडच्याच एक मॅडम होत्या. मनाने चांगल्या. खरंच चांगल्या, म्हणून तर जास्त राग येतो. त्यांनी आम्हाला नॅपकिनची घडी शिकवली, काटा-चमचा कुठे मांडायचा ते शिकवलं. पाहुण्याच्या डोळ्यांत बघून हसायचं, हेही शिकवलं. माझ्या आईने मला लहानपणापासून मान खाली घालायला शिकवलं होतं. ते हसू जमायला मला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

बिल्ल्यांची कल्पनाही त्यांचीच. माणसाला पूर्ण नाव असतं, ते दिसलं की लोक मानाने वागवतात, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या देशात वागवत असतील. आमच्याकडे आडनाव वाचलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या. इतक्या रडल्या की मलाच उठून त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. अपमान माझा, आणि समजूत मी त्यांची काढत बसले. संस्थेचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते इथलेच, धुळ्याचे. त्यांना काही नवल वाटलं नाही.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "आडनाव काढून टाकू. नुसतं नाव ठेवू."

नवे बिल्ले आले. मॅडमना वाटलं, प्रश्न मिटला. पुढे त्या समाधानाने आपल्या देशात निघून गेल्या.

मी तिथेच राहिले. आता मीच शिकवते. दर वर्षी नवी मुलं, तीच घडी, तेच हसू. बिल्ल्यावर आडनाव दिसत नाही म्हणून लोक आता तोंडी विचारतात. "कोनता गावनी तू? आडनाव काय शे तुन्हं?" उत्तर येईपर्यंत ताटावर हात आडवा धरून ठेवतात. वाढणारं पोर तसंच वाकून उभं राहतं. रागसुद्धा किती वेळा यायचा? मला आता कंटाळा येतो. अंग दुखावं तसा हा प्रश्न दुखतो, रोज थोडा थोडा.

मध्यंतरी सर वर्गात आले. म्हणाले, "कुणी विचारलं की पाटील सांगायचं. याचा सरावच घ्या तुम्ही."

मग स्वतःच पाहुणे होऊन खुर्चीत बसले. पिंपळनेरकडच्या एका मुलीला समोर उभं केलं.

"आडनाव काय, बेटा?"

तिने सरांच्या डोळ्यांत पाहिलं. हसली.

"पाटील."

हसू अगदी बिनचूक होतं. मीच शिकवलेलं. सरांनी टाळ्या वाजवल्या. मी उष्टी उचलली होती, पण तेव्हा निदान नाव तरी माझं होतं. या पोरीच्या हातात भगोनं राहणार होतं आणि नाव जाणार होतं.

"हा सराव मी घेणार नाही," मी म्हणाले.

"त्यांच्या भल्यासाठीच सांगतोय."

"बापाचं नाव लपवून वाढायचं, यात कसलं भलं?"

"मग यांना काम कोण देईल, ते तरी सांगा."

सर गेल्यावर मी मुलांना खोटा धीर दिला नाही. बिल्ल्यावर पुन्हा पूर्ण नाव लावलं तर काम जाऊ शकतं, असं सरळ सांगितलं. ज्याला पूर्ण नाव लावायचं नसेल त्याने लावू नये, मी त्याला कमी समजणार नाही, हेही सांगितलं. घरी चूल पेटवायची असते, ते मला ठाऊक आहे. मग तीच मुलगी उठली.

"ताई, मन्हा बिल्लावर मन्हं पुरं नाव लिखा."

या वेळी ती हसली नाही. मागून बाकीचेही तेच म्हणाले. एक मुलगा मात्र गप्प बसला. त्याचा बिल्ला मी नुसत्या नावाचा ठेवला.

बाकीचे बिल्ले पूर्ण नावांचे करून घेतले. सर म्हणतात, ऑर्डरी तुटतील. तुटायला लागल्याही आहेत. परदेशातून मॅडमचा फोन आला. जरा सबुरीने घेता येणार नाही का, असं त्यांनी काळजीने विचारलं. मी नाही म्हणाले. आमच्या कैक पिढ्यांची हयात या सबुरीतच गेली.

आता कुणी ऑर्डर द्यायला आलं की जेवणाचा बेत ठरायच्या आधी मी वाढणाऱ्यांची नावं सांगते. आडनावासकट, मोठ्याने. माझ्यापासून सुरुवात करते. ऐकून घ्या, म्हणते. चालत असेल तर हेच लोक वाढतील. चालत नसेल तर तुमची उष्टी तुम्ही काढा.