भानुदासचं पंधरा दिवसांचं स्वच्छ पाणी

भानुदास आणि मी इंदापुरात एका बाकावर शिकलो. त्याच्यासारखा कामसू माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्याइतका भोळाही. त्याच्या भोळेपणाचा मला अजून राग येतो.

बावीस वर्षं तो एका शहराच्या सांडपाणी केंद्रावर ऑपरेटर आहे. गटाराचं पाणी टाकीत येतं, ब्लोअर खालून हवा सोडतो, त्या हवेवर जगणारे जिवाणू घाण खातात. मग गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी ओढ्यात जातं. हवा तासन् तास बंद राहिली की जिवाणू मरतात. भानुदास रोज सकाळी काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरतो आणि अर्धा तास त्याच्यासमोर बसतो. गाळ तपकिरी दिसला की गडी खुलतो. काळा दिसला तर त्याला जेवण जात नाही.

तीन वर्षं गाळ काळाच होता. नवा ठेकेदार विजेचं बिल वाचवायला दिवसातून दोनच तास ब्लोअर लावू देई. बाकीची घाण तशीच ओढ्यातून उजनी धरणाच्या फुगवट्यात. त्याच फुगवट्याच्या काठी, पळसदेवला, भानुदासची धाकटी बहीण शालन दिलीय. तिच्या विहिरीला वास सुटला, पोरांच्या अंगाला खाज सुटली. तिनं गावातल्या बायका गोळा करून प्रदूषण मंडळाकडे तक्रार दिली. मंडळाचे साहेब केंद्रावर पाणी तपासायला येणार असं कळलं.

“दादा, साहेबाला हाय तसं दाव,” ती म्हणाली.

“लपवत न्हाय गं. पण मशीन सलग चाललं तर पानी कसं निघतं, ते त्यांनी एकदा बघू दे. मंग ते बंद ठिवायची कुणाची छाती व्हनार न्हाय.”

त्यानं ठेकेदाराकडे पंधरा दिवस ब्लोअर चालू ठेवायची परवानगी मागितली. ती एका शब्दात मिळाली. शहाण्या माणसानं इथंच ओळखायला हवं होतं. हा मात्र हुरळला. दुसऱ्या केंद्रावरून टँकरभर जिवंत, जिवाणूंनी भरलेला गाळ आणून त्यानं टाकीत सोडला आणि तान्ह्या लेकरासारखी ती टाकी जपली.

साहेब आले त्या दिवशी पाणी खरोखर नितळ होतं. भानुदासनं स्वतः बाटली भरली, नमुन्याच्या कागदावर सही केली. “साहेब, रोज आसं चालाय पायजे,” तो म्हणाला. साहेब चहा पीत होते. “चालू ठेवा,” म्हणाले. यानं तो हुकूमच समजला.

दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं ब्लोअर बंद करायला लावला. महिन्याभरात पळसदेवला अहवाल पोचला: केंद्र सुरळीत चालू, पाणी मानकांप्रमाणे, तक्रारीत तथ्य नाही.

शालनचा फोन आला. “दादा, कागदाखाली तुझी सही हाय. आता कोण आमचं खरं मानंल?”

त्यानंतर तिनं फोन केलेला नाही. विहीर तिनं फळ्या टाकून झाकली आणि प्यायचं पाणी ती लांबून आणते, असं गावाकडून कळतं.

“पण पानी खरंच स्वच्छ व्हतं रं,” भानुदास मला परवा म्हणाला.

“व्हतं,” मी म्हणालो. “म्हणूनच ती हरली.”