गौर बोलत नाही

आमच्या घरी गणपतीचा देखावा बाबा करतात आणि त्यातल्या पाट्या मी लिहिते. बेलापूरच्या खाडीलगतच्या आमच्या गावात देखावा म्हणजे नुसतं लाइटिंग आणि पडदे नसतात, त्यातून काहीतरी सांगावं लागतं. एका वर्षी बाबांनी पुठ्ठ्याचा अजगर केला आणि त्याच्या अंगावर मला ‘व्यसन’ असं लिहायला लावलं. विळख्यातल्या माणसावर ‘तरुण पिढी’. दुसऱ्या वर्षी म्हातारं झाड होतं. त्याच्या मुळांवर ‘आई-वडील’ आणि बुंध्यात रुतलेल्या कुऱ्हाडीवर ‘वृद्धाश्रम’. बघायला येणारे पाट्या मोठ्यानं वाचायचे, मान हलवायचे आणि प्रसाद घेऊन पुढच्या घरी जायचे.

पुढे खारघरच्या कॉलेजात एम.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा ‘अ‍ॅलेगरी’ शिकवताना मॅडमनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकात गोष्टीत काय दिसतं ते, दुसऱ्यात त्याचा अर्थ. मला एकदम आमचा अजगर आठवला. पण वर्गात मी बोलतच नाही. मॅडम म्हणाल्या, अर्थ ओरडून सांगावा लागला तर समजा रूपक फसलं. त्या क्षणी मला बाबांच्या पाट्यांची लाज वाटली, आणि घरी येईपर्यंत त्या लाजेचंच वाईट वाटत राहिलं. ‘रूपककथा’ हा मराठी शब्द मी त्यानंतर शोधला. माझ्या बाबतीत बरेच मराठी शब्द असे उशिरा येतात.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ताई, माझी मोठी बहीण, सासरहून निघून आली. भावजी कामावर जाताना तिला आत ठेवून फ्लॅटला बाहेरून कुलूप लावायचे. हे तिनं आईला सांगितलं, आईनं बाबांना सांगितलं, आणि तिथेच थांबलं. बाबा तुर्भ्याच्या कंपनीतून यायचे, चहा प्यायचे आणि देखाव्याचे पुठ्ठे कापत बसायचे. ताईशी नीट वागायचे, तिच्या आवडीचे बोंबील आणायचे, पण त्या विषयावर एक शब्द नाही. तिकडून भावजींचा निरोप आला होता: गौर जाईल त्या दिवशी न्यायला येतो. ताईला जायचं नव्हतं. तिला ठेवून घ्यायचं की पाठवायचं, हे बाबा ठरवणार होते, आणि ते काय ठरवतायत हे कोणालाच कळत नव्हतं.

मला ताईसाठी बोलायचं होतं. पण बाबांसमोर बसून बोलणं मला जमत नाही. तोंड उघडते आणि भलतंच काहीतरी विचारते, लाइट बिल भरलं का वगैरे. म्हणून मी म्हटलं, “बाबा, या वर्षी देखावा मी सुचवू?”

मी सुचवला तो असा: उंच टॉवर, त्यात एक काचेचं सुंदर तळं, तळ्यात एकच फ्लेमिंगो. खाऊ भरपूर, दिवे भरपूर, आणि तळ्याच्या दाराला बाहेरून कुलूप. लांब खाडीत बाकीचा थवा.

“पाट्या काय लिहायच्या?” बाबांनी विचारलं.

“पाट्या नकोत.”

“मग लोकांना कळणार कसं?”

“ज्याला कळायचं त्याला कळेल.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि कात्री उचलली.

ताईनं देखावा पाहिला तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. ती वाकून कुलपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बारके, पाय मात्र माझ्यापेक्षा बारीक केलेस याचे.” मी हसले, ती हसली नाही. “कोणासाठी केलंस हे?”

“बाबांसाठी.”

“मग बाबांनाच का नाही सांगत?”

मी फ्लेमिंगोचे पाय सरळ करायला लागले.

गणपती बसले त्या दिवशी सकाळी मी उठले तर देखाव्याच्या मधोमध पाटी होती. बाबांनी स्वतःच्या हातानं, निळ्या रंगात लिहिलेली: ‘खाडी वाचवा, फ्लेमिंगो वाचवा’. संध्याकाळी घरगुती सजावट स्पर्धेचे परीक्षक आले. एक काका कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “विषय ज्वलंत आहे. सगळीकडे टॉवर. पक्ष्यांनी जायचं कुठं?” शेजारचे दादा मागून म्हणाले, “फ्लेमिंगो कुठला, कोंबडीच झालीय. गौरीच्या तिखटाच्या नैवेद्याला चालेल.” सगळे हसले. आम्हाला दुसरा नंबर मिळाला, पर्यावरणाचा संदेश दिल्याबद्दल. कुलूप कोणी पाहिलंच नाही. पाहिलं असेल तर ते पर्यावरणाचं कुलूप म्हणून. आमच्याकडे देखाव्यात पक्षी, झाड किंवा नदी असली की अर्थ आधीच ठरलेला असतो.

गौरी आल्या. आमची गौर तेरड्याच्या दांड्यांची, वर मुखवटा, नवी साडी. पूजेच्या दिवशी संध्याकाळी बायका जमल्या, फुगड्या झाल्या, आणि दमून सगळ्या भिंतीला टेकल्या. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, गौरीसमोर बसली होती. ती ताईकडे वळून म्हणाली, “बघ कशी हसत बसलीय गवर. उद्या जायचं हाय तिला. तोंड वाकडं केलंय का? गवर पन तिसऱ्या दिवशी आपल्या घरा जाते, बाय. तू पन तशीच जा.”

बायकांनी माना डोलावल्या. आत्याच्या रूपकाला पाटी लागली नाही. गौर म्हणजे माहेरवाशीण आणि माहेर तीन दिवसांचं, हे त्या खोलीत प्रत्येकीला लहानपणापासून पाठ होतं. माझा फ्लेमिंगो कोणाला कळला नाही आणि आत्याची गौर सगळ्यांना कळली, कारण तिच्या मागे आधीच सगळे उभे होते. हे मॅडमनी शिकवलं नव्हतं.

ताई म्हणाली, “आत्या, गौर बोलत नाही.”

“म्हंजे?”

“तिला जायचंय की नाही, कोणी विचारलंय कधी? मला विचारा ना. मी बोलते.”

“बोल की. तुला कोन अडवतंय?”

“ते बाहेरून कुलूप लावून जातात. दूधवाल्याला मी दार उघडू शकत नाही. एकदा गॅसचा वास यायला लागला. मी खिडकीतून ओरडत होते आणि खाली लोक वर बघून पुढे जात होते.”

“मारतो का?”

“नाही.”

“मंग?” आत्या म्हणाली, पण तिचा आवाज निम्मा झाला होता. तिनं गौरीच्या पदराची चुणी नीट केली, पुन्हा मोडली, पुन्हा नीट केली. कोणी फुगडीचं नाव काढलं नाही. बाबा आरतीचं ताट घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत आले, ताट ठेवलं आणि आरती सुरू केली, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत.

जेवणं झाल्यावर मी देखाव्याचे दिवे बंद करायला गेले तर बाबा तिथेच बसले होते.

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” ते म्हणाले. “म्हणून तर पाटी लावली. गावाला कळू नये.”

मला वाटलं होतं की माझं म्हणणं पोचलंच नाही. ते पोचलं होतं, आणि वरून झाकलंही गेलं होतं. मीही कुठे वेगळं केलं होतं? ताईचं दुःख मी पक्ष्याला दिलं, म्हणजे ते माझ्या तोंडातून यायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी आले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन, नम्रपणे. आईनं चहा दिला. थोडा वेळ पावसावर, ट्रॅफिकवर बोलणं झालं. मग बाबांनी कप खाली ठेवला.

“ती येणार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही दाराला कुलूप लावून जाता ते मला माहीत आहे.”

“बाबा, ते तिच्या सेफ्टीसाठी...”

“मला समजावू नका. तिला विचारा.”

भावजींनी आतल्या दाराकडे पाहिलं. ताई बाहेर आली. तिच्या हातांना कणीक लागलेली होती, ती तिनं पुसलीही नाही. “मी येणार नाही,” ती म्हणाली. तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं. आत्या शेजारच्या खुर्चीत होती. ती मध्ये बोलेल असं मला वाटलं होतं. ती जमिनीकडे बघत राहिली.

भावजी गेल्यावर बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई आतल्या खोलीत गेली आणि तिनं ताईची बॅग पलंगाखालून ओढली. कपडे एकेक काढून पलंगावर ठेवत ती मला म्हणाली, “तुझ्या कपाटातला खालचा खण रिकामा कर.”

मी माझी पुस्तकं काढून जमिनीवर रचायला लागले.