ओझेलाची माफी

ओझेला टन्स्टॉल गावात परतली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. पण कुणी वय विचारलं की म्हणायची, "कुठल्या गुडघ्याचं सांगू? डावा सत्तरीला टेकलाय, उजवा अजून लग्नाळू आहे."

अमेरिकेत, जॉर्जियातल्या आमच्या भागात तंबूचे खेळ पुष्कळ यायचे. बायकांनी गावं, नाचावं. हसवायचं काम पुरुषांचं. ओझेला पहिली, जी एकटी उभी राहून लोकांना हसवायची. तंबूत मधोमध दोर असे. एका अंगाला गोरे, दुसऱ्या अंगाला आपण काळे. हशा आधी आपल्याकडून उठायचा. गोरे एकमेकांची तोंडं बघून, हसावं की नाही ते ठरवून मग हसायचे. तेवढा वेळ ती थांबायची. तिची सगळी विद्या त्या थांबण्यात होती. खेळ संपला की ज्या गोऱ्यांना हसवलं त्यांच्याच हॉटेलच्या मागच्या दारातून जेवणाचं पुडकं घ्यायचं आणि मोटारीत बसून खायचं, हे ठरलेलंच.

चर्चनं मात्र एकोणिसाव्या वर्षीच तिचं नाव काढून टाकलं होतं. तंबूबरोबर गेलेल्या पोरीला आमच्याकडे हीच शिक्षा. परत यायचं तर रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायची. तोवर शेवटचा बाक. तिची आई, मिस लुव्हेनिया, ऐंशी पार केलेली, कायम पहिल्या बाकावर.

"एकच वाक्य म्हणायचंय, पोरी. मी चुकले, मला पदरात घ्या. तंबूत तासभर बडबडायचीस ना?"

"तिथं लोक मला ऐकायला यायचे, आई. इथं मला पडलेली बघायला येतील."

"येऊ देत. मी जायच्या आधी एकदा माझ्या शेजारी बस. बाकी काही मागत नाही."

ओझेला कबूल झाली. आठवडाभर ते वाक्य घोकलं.

रविवारी चर्च तुडुंब. एरवी ख्रिसमसलाही न फिरकणारे आले होते. आमच्या घरचे तर अर्धा तास आधीच. चर्चचे कारभारी, डीकन बॅस्किन, पुढं ताठ बसलेले. ओझेला उभी राहिली.

"एकोणचाळीस वर्षं मी पापात काढली," ती म्हणाली आणि थांबली. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती अशी शांतता. आता पुढचं वाक्य म्हणायचं होतं. पण अशी शांतता समोर आली आणि जीभ जुन्या वाटेनं गेली. "तिथं ओळखीचं फार कुणी भेटलं नाही. डीकन बॅस्किन तेवढे पुढच्या रांगेत असायचे."

अख्खं चर्च फुटलं. कॉयरमधल्या बायका हातपंख्याआड तोंड लपवायला लागल्या. पाद्रीबाबांना खोकला आला. आणि ओझेलानं एक पाय मागे घेऊन झकास मुजरा केला.

अजूनही वेळ होता. "मी चुकले" म्हणाली असती तर निभावलं असतं. पण मागच्या बाकांवर हशा रेंगाळत होता, आणि हशा ओसरल्याशिवाय पुढचं बोलायचं नाही ही तिची सवय. ती थांबली. तेवढ्यात डीकन उठले.

"सिस्टर, ही माफी की खेळ? ईस्टरनंतर बघू. तोवर मागचाच बाक."

हसली नाही ती एकटी मिस लुव्हेनिया. तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

घरी म्हातारीनं मक्याची भाकरी आणि घेवडा वाढला. ताट पुढं सरकवत म्हणाली, "सगळे हसले. चांगलं बोललीस."

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं ओझेलाला झालं.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मिस लुव्हेनिया झोपेतच गेली.

पंधरा दिवसांनी डीकन बॅस्किन टोपी हातात धरून ओसरीवर आले. "सिस्टर, माफीचं राहू दे. तू नुसती ये. पुढं बस."

"उशीर केला," ओझेला म्हणाली. डीकननी मान खाली घातली, तशी ती घाईनं म्हणाली, "तुम्ही नाही हो. मी."