नसीम मॅडम आणि विसरभोळ्यांची खोली

रिपोर्ट लिहिताना मॅडम आमच्याकडून निम्मं खोडून घेतात. "हे शास्त्र नाही, ह्या गप्पा आहेत," म्हणतात. पण खोडलेलं जाणार कुठं? ते आमच्याच डोक्यात साठत राहतं आणि चार जण चहाला बसलो की एकेक बाहेर पडतं.

मॅडम म्हणजे डॉ. नसीम. मूळच्या मुरुमच्या, वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. मेंदूच्या शास्त्रज्ञ. एचआयव्हीचा त्रास मेंदूपर्यंत पोचला की माणूस विसरायला लागतो, हात मंदावतात. त्यात नशेच्या सुईची भर पडली तर काय होतं, हे त्या शोधतात. मी लोहाऱ्याची, त्यांच्याकडं काउन्सेलर.

*

मंजुरीच्या मीटिंगला पुण्यात एक ज्येष्ठ सर होते. एवढं मेंदूचं काम, त्याला लोहारा कशाला पाहिजे, इथंच करा की, असं त्यांचं म्हणणं.

मॅडमनी चष्मा पुसला, परत घातला. "सर, तिकडच्या लोकांनाही मेंदू असतो."

सगळे हसले. सर सगळ्यात शेवटी हसले, पण सही सगळ्यात आधी त्यांनीच केली.

*

लोहाऱ्यात खोली घेतली आणि दारावर मोठा बोर्ड लावला, 'एचआयव्ही व व्यसन संशोधन केंद्र'. एक माणूस फिरकेना. एक बाई कोपऱ्यापर्यंत आल्या, बोर्ड वाचला आणि सरळ बांगड्यांच्या दुकानात शिरल्या.

मॅडमनी त्याच दिवशी बोर्ड उतरवला. नवा लावला, 'विसरभोळेपणाची मोफत तपासणी'.

सकाळी येऊन बघते तर रांग! रिटायर हेडमास्तर, किराणावाले, तहसीलमधले दोन क्लार्क, सुनेनं ओढत आणलेली एक सासू. मी घाबरले. मॅडमना म्हटलं, ही तर सगळी धडधाकट माणसं.

"मग? आजारी मेंदू ओळखायचा तर तुलनेला धडधाकट मेंदू नको? ते कुठून आणायचे, याच काळजीत होते मी."

खोलीत आलेल्या प्रत्येकाला संशोधन कशाचं आहे ते नीट सांगितलं, कबूल असेल त्यालाच घेतलं. बहुतेक थांबले. आणि त्याच रांगेत आमची खरी माणसंही येऊन उभी राहिली, मान वर करून. कोण कशासाठी आलंय, हे बाहेर कुणाला कळायची सोयच राहिली नाही. बांगड्यांच्या दुकानात शिरलेल्या बाईही आल्या.

हेडमास्तर तर पुढच्या आठवड्यात परत हजर. म्हटलं, सर, तुमची तपासणी झाली की.

"झाली व्हय?" म्हणाले.

*

अणदूरहून एक जण यायचा. सुई सोडली, सोडली म्हणायचा आणि उन्हाळ्यातसुद्धा फुल बाह्यांचा शर्ट घालायचा. मी त्याला समजावून थकले. एकदा मॅडम समोर बसल्या.

"खरं सांगा नाहीतर खोटं सांगा, चहा मिळणारच आहे. फक्त खरं सांगितलंत तर औषधाचा उपयोग होईल."

तो बाहीचं बटण काढायला लागला. म्हणाला, "मंग दोन चा सांगा. लई सांगायचंय."

*

एका दुपारी वादळ झालं, लाईट गेली आणि फ्रीजर तापायला लागला. आत रक्ताचे नमुने, कितीतरी महिन्यांची मेहनत. मी स्टँडवर पळाले. तिथं अन्वरचाचांची कुल्फीची गाडी असते. कसंबसं सांगितलं. चाचांनी एक प्रश्न विचारला नाही. सगळा बर्फ, सगळं मीठ गाडीसकट आमच्या दारात आणून ओतलं. आम्ही नमुन्यांचा डबा त्यात पुरला. वितळायला लागलेल्या कुल्फ्या चाचांनी रांगेतल्या लोकांना वाटून टाकल्या.

मागाहून शोधत आलेल्या गिऱ्हाइकांना ते दारातूनच परत पाठवत होते, "आज कुल्फी न्हाय. डोस्क्याचं काम चालू हाय."

संध्याकाळी लाईट आली. एकही नमुना वाया गेला नव्हता.

*

दत्ताभाऊ लोहारा ते माकणी वडाप जीप चालवायचे, सीटमागं भाडं घेऊन. पाठदुखीचं इंजेक्शन घेता घेता सुईची सवय लागली, दुसऱ्याची सुई वापरली, एचआयव्ही झाला. गोळ्या मधेच सोडल्या. एक दिवस जीप भरल्या सीटांनिशी रस्त्यात उभी केली आणि पुढं कुठं जायचं तेच त्यांना आठवेना. घरच्यांनी वेड लागलं म्हणून विषय संपवला. बायकोनं, सुरेखानं, संपवला नाही. ती त्यांना आमच्याकडं घेऊन आली.

आमची एक चाचणी असते, मिनिटभरात आठवतील तितकी गावं सांगायची. दत्ताभाऊ म्हणाले, "लोहारा." मग परत, "लोहारा." मग टेबलाकडं बघत बसले.

मॅडमनी सुरेखाला सांगितलं की हे वेड नाही, मेंदूचा आजार आहे. गोळ्या चुकल्या नाहीत आणि सुई सुटली तर बरंच परत येऊ शकतं. तिनं खात्री मागितली.

"खात्री देत नाही. पण यांना सोडणारही नाही."

ते वर्ष सोपं गेलं नाही. दत्ताभाऊ एकदा परत सुईकडं गेले, सुरेखानं परत आणलं. रोजची गोळी ती स्वतःच्या हातानं द्यायची.

वर्षानं तीच चाचणी. सुरेखा शेजारी बसलेली, पदराचं टोक मुठीत. मी घड्याळ लावलं.

दत्ताभाऊंनी डोळे मिटले, स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढं धरले. एकेक नाव सांगत लोहाऱ्याच्या स्टँडवरनं निघाले. फाटे घेतले, वस्त्या घेतल्या. सास्तूर आलं. तिथं दोन सीट उतरले, एक चढलं, तेही सांगितलं. मिनिट कधीच संपलं होतं. मी तोंड उघडलं, तशी मॅडमनी हातानं गप्प केलं.

"माकणी," दत्ताभाऊ म्हणाले. हात थांबले. डोळे उघडून त्यांनी शेजारी बघितलं.

"उतर की सुरेखा. तुजं माहेर आलं."

आणि ती खरंच उठून उभी राहिली.